ताता, टेन-सेव्हन

त्या काळी शेरीफची निवड म्हणजे अख्ख्या घराची निवड असे. हॅरो काउंटीचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे, लोक मत द्यायचे लॅडी कुचेराला, पण कामाला जुंपली जायची त्याची बायको अल्बिनासुद्धा. कोर्टाच्या मागे लाल विटांची एक इमारत होती. तिच्या पुढच्या भागात या दोघांचं बिऱ्हाड आणि मागच्या भागात काउंटीचा तुरुंग. मधे एक लोखंडी दार, आणि दाराला ताट सरकवण्यापुरती फट. कैद्यांचा स्वयंपाक अल्बिनाने करायचा, त्यांच्या चादरी तिनेच धुवायच्या, एखाद्या बाईला पकडून आणलं तर तिची झडतीही तिनेच घ्यायची. आणि हे करता करता स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या वायरलेसकडे कान ठेवायचा. या सगळ्याचा पगार काय, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "लॅडी मिळाला ना."

वायरलेसवर तीन खात्यांची माणसं बोलायची. गावाची हद्द रेल्वेच्या रुळांपाशी संपत असे. रुळांच्या अलीकडे गावचे पोलीस, म्हणजे चीफ ऑर्विल टेग्टमायर आणि त्याचे दोन शिपाई. रुळांच्या पलीकडे नजर जाईल तिथवर मका, तो सगळा मुलूख शेरीफ लॅडीचा. आणि त्या मक्यातून सरळ रेघेसारखा जाणारा हमरस्ता राज्याच्या गस्ती पोलिसांचा. लॅडी म्हणायचा, "गाय शेतात असली तर माझी, रस्त्यावर आली की राज्याची, आणि रूळ ओलांडले की ऑर्विलची. गायीला बिचारीला यातलं काही ठाऊक नसतं."

लॅडी आणि ऑर्विल यांचं बोलणं बंद होतं. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत पुढे कोणाची गाडी असावी यावरून बिनसलं होतं, आणि दोघेही अशा वयाचे होते की आधी कोण बोलणार हाच मोठा प्रश्न. पण गुन्हे काही त्यांच्यासाठी थांबत नव्हते. मग ऑर्विल वायरलेसवर म्हणायचा, "अल्बिना, शेरीफला सांग, चोरीचा ट्रक गिरणीमागे सापडला." लॅडी आपल्या गाडीत बसून ते स्वतःच्या कानांनी ऐकत असायचा. तरी अल्बिनाने ते पुन्हा सांगायचं, मग लॅडी म्हणायचा, "चीफला सांग, आभारी आहे." ऑर्विल तेही ऐकत असायचा. अल्बिनाचे हात कणकेत असायचे. ती कोपराने बटण दाबायची आणि दोघांचे निरोप दोघांना पोचवायची.

त्या घरात आणखी एक माणूस होता, अल्बिनाचे वडील, वाक्लाव मातेयका. चेक लोकांत वडिलांना ताता म्हणतात. आई गेल्यावर अल्बिनाने त्यांना आपल्याकडे आणलं तेव्हा ते फक्त नावं विसरत. पुढे पुढे ते वर्षं विसरू लागले. शेत विकलं हे विसरले, बायको गेली हेही मधून मधून विसरत. हात मात्र काही विसरले नव्हते. पत्त्यांचा डाव असा पिसायचे की मागच्या कोठडीतला ओटो फ्रेसे गजांना नाक लावून बघत बसायचा. ओटो हा शेतांवर राबणारा गडी. सुगीचे पैसे हातात आले की प्यायचा, प्यायला की खिडक्या फोडायचा, आणि मग महिनाभर अल्बिनाकडे बटाटे सोलायला हजर. त्याला आणि ताताला एकमेकांचा फार लळा. दुपारी ताता दाराच्या फटीतून पत्ते सरकवायचे आणि तो आतून.

एकोणीसशे चौसष्टच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सकाळी एक बैल कुंपण तोडून सुटला होता आणि अल्बिना वायरलेसवरून लॅडीला त्याचा मार्ग सांगत होती. ओट्यावर कोलाचांची, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांची, कणीक फुगत ठेवली होती. तिने मान वळवली तेव्हा मागचं दार उघडं होतं. खुंटीवर ताताची टोपी नव्हती. पायरीवर पालथी घातलेली दुधाची बादलीही नव्हती.

तिने आधी परसात पाहिलं, मग कोर्टाच्या हिरवळीवर, मग चर्चच्या पायऱ्यांवर. परत येऊन वायरलेसचं बटण दाबलं.

"लॅडी, ताता बाहेर गेलेत. बादली घेऊन. दूध काढायला गेलेत ते."

"बैलाला मरू दे," लॅडी म्हणाला. "मी जुन्या शेतावर जातो."

पण ताता जुन्या शेतावर नव्हते. तिथे जाणाऱ्या वाटेवरही नव्हते. शेताचा नवा मालक आणि त्याची बायको गोठा, विहीर, धान्याची कोठारं सगळं बघून आले. लॅडीने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज जरा खाली आला होता, आणि अल्बिनाला का ते कळलं. मका अजून उभा होता. वाळलेला, माणसाच्या डोक्यावर जाणारा, वाऱ्याने सतत सळसळणारा. मक्यात शिरलेला माणूस बाहेरून दिसत नाही, आणि आतल्या माणसाला चहूकडे फक्त मकाच दिसतो. वर त्या आठवड्यात कापणीची यंत्रं चालू झालेली. यंत्रावर बसलेल्याला पुढच्या ओळीत कोण आहे ते कळत नाही, आवाजात हाकही ऐकू जात नाही. यातून सगळं निभावलं तरी रात्री दव गोठणार होतं, आणि ताताच्या अंगात नुसता सदरा आणि जुनं जाकीट.

हरवलेल्या माणसाचं वर्णन द्यायची एक ठरलेली रीत होती. अल्बिनाने ती शेकडो वेळा पाळली होती. तिने बटण दाबलं आणि आपल्या बापाचं वर्णन दिलं. उंची मध्यम. केस पांढरे. डोळे निळे. तपकिरी जाकीट, काळी टोपी. हातात बादली. डाव्या हाताला करंगळी नाही. नाव विचारलं तर सांगतील, पत्ता जुना सांगतील.

मग ऑर्विलचा आवाज आला. "लॅडी, मी नदीकडे जातो."

सरळ लॅडीला. कितीतरी महिन्यांनी.

"नदी माझ्या हद्दीत येते, ऑर्विल," लॅडी म्हणाला.

"ते मला माहीत आहे. मी नकाशा बघत नाहीये, मी म्हातारा बघतोय. माझा एक शिपाई रुळांच्या कडेने जाईल. तू उत्तरेकडची शेतं घे आणि यंत्रं थांबवायला सांग."

"टेन-फोर," लॅडी म्हणाला. आणि थोडं थांबून, "आभारी आहे."

मग तिसरा आवाज आला, तरुण, शब्द तोलून बोलणारा. राज्याच्या गस्ती पोलिसांतला डेल सोरेनसन. राज्याच्या पार पश्चिम टोकाकडून बदलून आलेला, इथे त्याला महिनाही झाला नव्हता. "हॅरो काउंटी, मी हमरस्त्यावर दोन्ही बाजूंनी बघत जातो, मॅडम. सापडले की कळवतो."

दारामागून ओटो म्हणाला, "मिसेस के, मला सोडा."

"गप बस, ओटो."

"थट्टा नाही करत. माझ्या हाकेला ते ओ देतात. पत्त्यांचा डाव म्हटलं की कुठूनही येतील. मक्यात पायी शिरायला माणूस हवा, गाडी काय कामाची?"

अल्बिनाने किल्ल्यांचा जुडगा उचलला. शेरीफच्या गैरहजेरीत कैदी सोडायचा अधिकार तिला नव्हता. तो अधिकार कोणाला असतो तेही त्या घटकेला तिला आठवेना. तिने दार उघडलं. "संध्याकाळी जेवणाच्या आत परत ये."

"आज काय आहे?"

"डुकराचं मांस, कोबी, डंपलिंग."

"मग काय, येणारच," असं म्हणून ओटो परसातून पळत सुटला.

दुपार झाली. कणीक भांड्याबाहेर आली आणि ओट्यावर पसरली, तिने ती तशीच राहू दिली. बायका येऊन जात होत्या, कॉफी करत होत्या, ती कोणी पीत नव्हतं. शेतांवरचे फोन तेव्हा एकाच तारेवर असत. एका घरी घंटा वाजली की दहा घरं रिसीव्हर कानाला लावून ऐकत, म्हणून कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. काउंटीतली कापणीची यंत्रं एकेक करत थांबली. सुगीच्या ऐन दिवसांत, आभाळ स्वच्छ असताना. पुरुष आपापल्या पिकात ओळीने चालू लागले. अल्बिना खिडकीत उभी राहिली तेव्हा तिला ती शांतता ऐकू आली. त्या महिन्यात तशी शांतता कधीच नसते.

ऊन कलायला लागलं आणि वायरलेस खरखरला.

"हॅरो काउंटी. तुमचे मिस्टर मातेयका. हमरस्त्यावर, जंक्शनच्या हॉटेलापाशी. टेन-सेव्हन. मी आहे त्यांच्याजवळ."

सोरेनसनचा आवाज होता. एवढं बोलून तो बंद झाला.

वायरलेसवर आकड्यांत बोलायची पद्धत होती, आणि प्रत्येक आकड्याला अर्थ होता. टेन-फोर म्हणजे समजलं. टेन-सेव्हनचा मूळ अर्थ काय होता कोण जाणे, बहुतेक काम बंद, असा काहीतरी. पण हॅरो काउंटीत आधीच्या शेरीफने तो आकडा मेलेल्या माणसासाठी वापरायला सुरुवात केली होती. त्यामागे माया होती. अपघात व्हायचा, घरातली माणसं तिथेच पोलिसाच्या गाडीशेजारी उभी असायची, आणि त्यांच्या कानांवर 'मेला' हा शब्द असा वायरलेसमधून पडू नये, आधी कोणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगावं, म्हणून हा आकडा. घरच्यांना तो कळत नसे. कळायचा तो फक्त वायरलेसपाशी बसलेल्याला.

अल्बिनाला कळला.

तिने बटण दाबलं. "टेन-फोर," ती म्हणाली, आणि रीतीप्रमाणे घड्याळात बघून वेळ सांगितली. आवाज नेहमीसारखाच आला याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. पुढून उत्तर आलं नाही. सोरेनसन गाडीतून उतरला असणार. तेव्हा वायरलेस गाडीलाच असे, कमरेला नसे. टेन-सेव्हनची नोंद झाली की पुढचं कामही वायरलेसवाल्यानेच करायचं असायचं. तिने फोन उचलला आणि आयव्हर लुंडला लावला.

आयव्हरचं फर्निचरचं दुकान होतं, आणि ज्याच्याकडे लाकूड त्याच्याकडे शवपेट्या, म्हणून अंत्यविधीचं कामही त्याचंच. काउंटीने मृत्यूची खातरजमा करायचं कामही त्याच्याच गळ्यात घातलं होतं.

"आयव्हर, जंक्शनच्या हॉटेलापाशी जायचं आहे तुला."

"निघालो. कोण आहे, अल्बिना?"

तिला सांगता येईना. मग म्हणाली, "ताता."

आयव्हर म्हणाला, "मी स्वतः जातो. गाडी हळू चालवीन."

नंतर कितीतरी लोकांनी तिला विचारलं, हॉटेलात फोन होता, तिथे का नाही लावलास? कान ज्या भाषेला सरावले होते त्या भाषेत तिला सांगितलं गेलं होतं. त्याची खात्री करून घ्यावी असं मनात आलंच नाही.

"अल्बिना," वायरलेसवर लॅडी म्हणाला, आकडा नाही, रीत नाही, "मी घरी येतो आहे."

"नको. तिकडे जा. आपलं कोणीतरी हवं त्यांच्याजवळ."

"तू एकटी आहेस."

"मी आणतो तिला," ऑर्विल मधेच म्हणाला. "लॅडी, तू जा पुढे."

ऑर्विल आला तो टोपी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. धिप्पाड माणूस, नदीकाठच्या चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. त्याने शेगडी बंद केली आणि तिचा कोट खुंटीवरून काढून तिच्यापुढे धरला. गावच्या पोलिसांच्या गाडीत ती पहिल्यांदाच बसली. रुळांवरून जाताना गाडीने गचका खाल्ला.

"तुझी हद्द संपली, ऑर्विल," ती म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"संपू दे," तो म्हणाला.

बातमी त्यांच्या पुढे गेली होती. शेतांच्या कडेला माणसं मक्यातून बाहेर येऊन उभी होती, अंगाला मक्याची पाती चिकटलेली, चेहरे धुळीने माखलेले, आणि गाडी जवळ आली की एकेकजण टोपी काढत होता. अल्बिनाला वाटत होतं त्यांना हात करावा, निदान मान हलवावी. तिच्याने झालं नाही. यांच्या घरी मी बाळंतपणाला गेले आहे, यांच्या पोराला लॅडीने एकदा दटावून सोडून दिलंय, याचं नाव तर मला माहीतही नाही, असं काहीबाही तिच्या मनात येत होतं. एका वळणावर ओटो उभा होता. ऑर्विलने गाडी थांबवली. ओटो काही न विचारता मागे बसला आणि रडू लागला, लहान मुलासारखा, नाक ओढत.

ऑर्विलने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "हा आत असायला हवा होता ना?"

"होता," अल्बिना म्हणाली. "मी सोडला."

"बरं," ऑर्विल म्हणाला, आणि पुन्हा तो विषय त्याने आयुष्यात काढला नाही.

जंक्शनच्या हॉटेलापुढे आयव्हरची लांब काळी गाडी उभी होती. शेजारी राज्याच्या पोलिसांची, आणि दार उघडं टाकलेली लॅडीची. लॅडी हॉटेलातून धावत बाहेर येत होता. त्याचा चेहरा ओला होता. अल्बिना गाडीतून उतरली.

"वायरलेसवर सांगायला येत होतो तुला," लॅडी म्हणाला, आणि त्याला पुढे बोलताच येईना. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो हसतो आहे. हसतोही आहे आणि रडतोही आहे. "अल्बिना, आत जा. ते जेवतायत."

आत खिडकीजवळच्या टेबलाशी ताता बसले होते. टोपी डोक्यावरच. पुढ्यात गरम रोस्ट बीफचं सँडविच, वर ग्रेव्ही ओसंडून वाहणारी, आणि ते काट्याने शांतपणे एकेक घास घेत होते. समोर आयव्हर लुंड काळ्या सुटात, टोपी मांडीवर ठेवून, तोंड किंचित उघडं. शेजारी उभा तो तरुण सोरेनसन, कान लालभडक.

"आलीस," ताता म्हणाले. "उशीर केलास. या लुंडला काहीतरी खायला सांग. मघापासून नुसता माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या धंद्यात तब्येत सांभाळून राहावं."

अल्बिनाने खुर्ची ओढली आणि बसली.

"मिसेस कुचेरा," सोरेनसन म्हणाला, "मला माफ करा. आमच्याकडे, म्हणजे राज्याच्या खात्यात, टेन-सेव्हन म्हणजे गाडीतून उतरलोय, जेवायला बसलोय. मला वाटलं मी चांगली बातमी देतोय."

"आमच्याकडे टेन-सेव्हन म्हणजे," लॅडी दारातून म्हणाला, "आता पुन्हा कधीच जेवायला बसणार नाही."

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं, सर."

"आम्हाला तरी तुमचं कोणी सांगितलं होतं?"

हळूहळू सगळं कळलं. सोरेनसनला ताता हमरस्त्याच्या कडेने चालताना दिसले होते. त्याने गाडीचं दार उघडलं, पण ताता बसेनात, थांबेनातही. माझा जावई शेरीफ आहे, पोलिसाच्या गाडीत लोकांनी मला पाहिलं तर काय म्हणतील, असं म्हणाले. जबरदस्ती करायचं त्या पोराच्या जिवावर आलं. मग त्याने गाडी कडेला लावली आणि तो त्यांच्याबरोबर चालत आला, बादलीची कडी एका बाजूने धरून. त्यांना हॉटेलात बसवलं, पळत जाऊन गाडी आणली, वायरलेसवर दोन शब्द सांगितले आणि एकटे राहू नयेत म्हणून तसाच आत शिरला. इथवर येताना ताताने त्याला गायींची नावं सांगितली होती. त्यातली चार त्याला पाठ झाली होती.

"आणि दूध?" अल्बिनाने विचारलं. तिला ताताच्या पायाशी बादली दिसली. बादलीत निम्म्यापर्यंत दूध होतं.

हॉटेलवाली पर्ल गल्ल्यामागून म्हणाली, "रिकामी बादली घेऊन घरी कसा जाऊ, म्हणत होते. घास तोंडात घालायला तयार नव्हते. मग मी म्हटलं, द्या इकडे, मी काढून आणते."

"गाय चांगली आहे तिची," ताता म्हणाले. "शिंगं मारत नाही."

पर्लने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि ती आत निघून गेली. ओटो दारातूनच ताताकडे बघत होता. मग पुढे आला, त्यांच्या टोपीवरचं मक्याचं पान उचललं आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, तू माझा जीव घेतलास."

"तू कोण?" ताता म्हणाले. मग नीट बघून, "पत्ते आणलेस?"

अल्बिना सोरेनसनकडे वळली. तो आता शिव्या खायच्या तयारीने सरळ उभा होता. हाताची मूठ टोपीच्या काठावर घट्ट, मानेजवळ दाढी करताना कापल्याचा नवा व्रण. याची आई कुठेतरी दूर पश्चिमेला असेल, तिच्या मनात आलं, आणि तिला कळत असेल का की तिचा मुलगा एका परक्या म्हाताऱ्याबरोबर बादली धरून चालला.

"तू जेवलास का?" तिने विचारलं.

"मी मागवलं होतं, मॅडम, पण मिस्टर लुंड आत आले आणि..."

"संध्याकाळी आमच्याकडे ये. सगळे या. ऑर्विल, तूही. आयव्हर, तूही."

घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मातेयकांचा म्हातारा गेला ही बातमी तारेवरून गेली होती, पण न गेल्याची अजून जायची होती. आमच्याकडे कोणाच्या घरी असं झालं की त्या घराची चूल दुसऱ्यांनी सांभाळायची. ती बाई रडत असताना तिला लोकांना काय खायला घालू हा घोर नको. म्हणून काउंटीभरातून भांडी आली होती: हॅमचा मोठा तुकडा, बटाट्यांचं सॅलड, कोंबडी घातलेल्या नूडल्सचं पातेलं, खसखशीच्या सारणाच्या कोलाचा, फडक्यात गुंडाळलेले पाव, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. दोन बायका अजून ओसरीतच होत्या, काळ्या कपड्यांत. ताता बादली घेऊन त्यांच्यासमोरून पायऱ्या चढले तेव्हा त्यातली एक म्हणाली, "अगं बाई," आणि खाली बसली.

"हे सगळं परत न्या," अल्बिना म्हणाली, तिचा आवाज आता कुठे कापू लागला होता. "तुमची फुकट मेहनत झाली."

"परत काय न्या?" दुसरी बाई म्हणाली. "कोंबडी मेली ती मेलीच. खा आता."

आयव्हर लुंडने आपल्या काळ्या गाडीतून अंत्यविधीच्या घडीच्या खुर्च्या आणल्या. स्वयंपाकघरातलं टेबल पुरेना म्हणून लोखंडी दार उघडून तुरुंगातलं लांब बाक आत ओढलं. सगळे दाटीवाटीने बसले. गावचा चीफ, काउंटीचा शेरीफ, राज्याचा पोलीस, आणि मधे हात स्वच्छ धुऊन, केसांना पाणी लावून बसलेला कैदी. अल्बिना वाढत होती. तिला वाटत होतं काहीतरी बोलायला हवं, निदान आभार मानावेत, पण तोंड उघडलं की रडू येईल म्हणून ती एकेकाच्या ताटात आणखी एक डंपलिंग टाकत होती. सोरेनसनच्या ताटात चार झाली. तो निमूट खात होता.

शेवटी म्हणाली ती एवढंच. "यापुढे माझ्या वायरलेसवर माणसासाठी आकडा नको. गाडीसाठी ठेवा, गायीसाठी ठेवा. माणूस सापडला तर सापडला म्हणा. जेवतोय तर जेवतोय म्हणा. आणि दुसरं काही झालं असेल तर तेही सरळ सांगा. मी ऐकून घेईन."

ऑर्विलने हॅमचा तुकडा कापत म्हटलं, "शेरीफला सांग, मला मान्य आहे."

लॅडी त्याच्या शेजारीच बसला होता, कोपराला कोपर लागून. "चीफला सांग," तो म्हणाला, "मीठ इकडे दे."

सोरेनसन पहिल्यांदा हसला.

टेबलाच्या टोकाला ताता बसले होते. त्यांचा सदरा बदलला होता, केस विंचरले होते. ते एकेकाकडे बघत होते: गणवेशातली माणसं, काळ्या कपड्यांतल्या बायका, दारापर्यंत मांडलेल्या खुर्च्या, परक्या घरांतली भांडी. अल्बिना त्यांच्या ताटात कोबी वाढायला वाकली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच विचारलं, "अल्बिन्का, कोण गेलं?"

"कोणी नाही, ताता."

"कोणी नाही कसं? लुंडच्या खुर्च्या आहेत या." ते तिची समजूत घालावी तसे म्हणाले. "मला सांग, मी घाबरत नाही. आपल्या माहितीतलं कोणी होतं का?"

"होय, माहितीतलंच आहे."

त्यांनी पुन्हा सगळीकडे नजर फिरवली. "खूप लोक आलेत," ते म्हणाले. "सुगीचे दिवस असून आलेत. चांगला माणूस असला पाहिजे."

"आहे," अल्बिना म्हणाली. "फार चांगला आहे."

ताताने काटा खाली ठेवला आणि हात जोडले. टेबलावरचं बोलणं आपोआप थांबलं. त्यांनी चेक भाषेत मेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना म्हटली, सावकाश, एकही शब्द न विसरता. तो जो कोण गेला होता, त्याला शांती मिळो. त्याच्या घरच्यांना धीर मिळो. ऑर्विलला त्या भाषेतलं काही कळत नव्हतं, सोरेनसनला तर अजिबातच नाही, तरी सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. ओटोनेही.

अल्बिनाने मिटले नाहीत. ती कोबीचं भांडं हातात धरून उभी राहिली आणि ताताचे हलणारे ओठ बघत राहिली.